घरचा कार्बन हिशोब आणि विजेची बचत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या बैठकांत, फोनवर आणि निरोपांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गुणाकार गोळाबेरीज आहेत, पण घरचे निर्णय घ्यायला तेवढे पुरतात.

१. घरचा कार्बन हिशोब म्हणजे नेमकं काय मोजायचं?

वर्षभरात घरात जळलेलं इंधन आणि वापरलेली वीज यांच्यामुळे किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, ते. वीज आणि स्वयंपाकाचा गॅस हे दोन मुख्य रकाने. गाडीचं पेट्रोल तिसरा रकाना, पण तो घरच्या हिशोबात मिसळू नका. नाहीतर गिझर बदलल्याचा फायदा कोकणच्या एका ट्रिपमध्ये दिसेनासा होतो. भाजी, कपडे, मोबाइल यांच्यामागचा कार्बनही खराच आहे, पण तो घरबसल्या नीट मोजता येत नाही. बिलावर छापून येतं तेवढंच आधी मोजा.

२. "सरकार प्रत्येक कुटुंबाला कार्बनचा कोटा लावणार" असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

नाही. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली. बहुधा त्यातूनच हा मेसेज जन्माला आला असावा. पण त्या योजनेतली बंधनं ॲल्युमिनियम, सिमेंटसारख्या मोठ्या उद्योगांवर आहेत, तुमच्या घरमीटरवर नाहीत. पर्यावरणाला जपून जगण्याची 'मिशन लाइफ' ही सरकारी मोहीम २०२२ मध्ये सुरू झाली, तीही आवाहन म्हणूनच.

माणशी कोट्याची कल्पना मात्र जुनी आहे. ब्रिटनमध्ये डेव्हिड फ्लेमिंग यांनी ती १९९६ मध्ये मांडली. तिथल्या सरकारने अभ्यास केला आणि २००८ मध्ये 'अजून वेळ आली नाही' म्हणत बाजूला ठेवली. फिनलंडच्या लाहती शहरात प्रवासापुरता तसा प्रयोग झाला, तोही ऐच्छिक. तेव्हा घाबरून हिशोब ठेवायची गरज नाही. ठेवला तर पहिला फायदा वीजबिलात दिसतो, आणि पुढेमागे कुणी आकडा मागितलाच तर तो तुमच्या वहीत तयार असतो.

३. सुरुवात कुठून करू? कोणते कागद लागतील?

मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतोच, त्यामुळे एका बिलातही काम होतं. बेस्ट, अदानी, टाटा यांच्या ग्राहकांना संकेतस्थळावर जुनी बिलं मिळतात. गॅससाठी वर्षात किती सिलेंडर आले ते बुकिंगच्या एसएमएसवरून मोजा. पाइपगॅस असेल तर बिलावरची युनिटं घ्या.

रुपये लिहू नका, युनिट लिहा. दर बदलतात, स्थिर आकार बदलतो, इंधन समायोजन कधी असतं कधी नसतं. "बिल कमी आलं" याचा अर्थ वीज कमी वापरली असा होत नाही.

४. युनिटचा कार्बन कसा काढायचा? सिलेंडरचा?

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा, म्हणजे सामायिक वीजजाळ्याचा, युनिटमागचा सरासरी कार्बन काढतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे ०.७ किलोच्या जरासा वर आहे. या पानावर सगळीकडे ०.७२ धरला आहे. हा आकडा वीज केंद्राच्या दारातला आहे, तारांमधली गळती त्यात नाही. पण वर्षानुवर्षं एकच गुणक वापरला तर तुलना बिघडत नाही.

एलपीजीच्या एका किलोमागे साधारण ३ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलेंडरमागे सुमारे ४२ किलो. पाइपगॅसच्या एका युनिटला, म्हणजे घनमीटरला, २ किलो धरा.

समजा चौघांचं घर आहे. महिन्याला सरासरी २०० युनिट वीज आणि वर्षाला ९ सिलेंडर. विजेचे २,४०० गुणिले ०.७२, म्हणजे १,७२८ किलो. गॅसचे ३७८ किलो. एकूण सुमारे २,१०० किलो, माणशी सव्वापाचशे. गॅसपेक्षा विजेचा आकडा साडेचार पट मोठा आहे, हे बघून बहुतेकांना धक्का बसतो. धूर आपल्या खिडकीतून दिसत नाही, तो चंद्रपूर-कोराडीला निघतो.

५. आमच्या बिलावर दोन महिने 'सरासरी' युनिट आले आहेत. ते धरायचे का?

धरू नका. घर बंद होतं किंवा रीडिंग घेता आलं नाही की अंदाजाने युनिट लावतात आणि पुढच्या खऱ्या रीडिंगला फरक काढतात. अशा वेळी महिने मोजण्याऐवजी दोन खऱ्या रीडिंगमधला फरक घ्या. बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग तारखांसह असतात. सगळ्यात बरं म्हणजे दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढणं. बिलिंगचा काळ कधी २८ दिवसांचा असतो, कधी ३३. त्यामुळे एप्रिलचं बिल म्हणजे एप्रिल महिना असं नसतंच.

६. आम्ही कोयना धरणाजवळ राहतो. आमची वीज पाण्याची, मग कार्बन शून्य ना?

दुर्दैवाने नाही. १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प तुमच्या डोळ्यांसमोर असला तरी त्याची वीज ग्रिडमध्ये जाते आणि घरी येते ती ग्रिडमधूनच. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं जाळंही जोडलं गेलं आणि देशभर एकच ग्रिड झाला. म्हणून पाटण, पणजी, परभणी, सगळ्यांना गुणक तोच. शेजारी पवनचक्क्या असलेल्या साताऱ्याच्या पठारावरच्या गावांनाही हेच लागू.

काही वीज कंपन्या थोडा जादा दर घेऊन हरित वीज देतात. ती घेतली असेल तर हिशोबात दोन्ही आकडे लिहा, ग्रिडच्या सरासरीचा आणि हरित विजेचा. एकच लिहिला की आपण काय कमी वापरलं आणि काय विकत घेऊन कमी दाखवलं, यातला फरक दिसत नाही.

७. एवढी कटकट कशाला? मोबाइलवर ॲप आहेत की.

वापरा, पण आधी एक चाचणी घ्या. ॲपमध्ये १०० युनिट वीज टाका. उत्तर ७० किलोच्या आसपास आलं तर ॲप भारताचा गुणक वापरतंय. २० किंवा ४० आलं तर ते दुसऱ्या देशाचं गणित आहे, तुमच्या उपयोगाचं नाही. तापमानासाठी 'हीटिंग'चा रकाना भरायला लावणारं ॲपही बाजूला ठेवा. साधी वही किंवा स्प्रेडशीट यापेक्षा टिकते, असं माझं मत.

८. एकूण आकडा कळला. पण घरात नेमकं कोण वीज खातंय ते कसं शोधू?

मीटरकडे जा. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२०० इम्प' किंवा '१६००' असं छापलेलं असतं. म्हणजे इतक्या लुकलुकींना एक युनिट. रात्री घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि एक मिनिट दिवा मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ८ लुकलुकी म्हणजे १५० वॉट. सगळं बंद असताना १५० वॉट जात असतील तर काहीतरी चालू राहिलंय: सेटटॉप बॉक्स, वायफाय, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या टाकीची मोटर, नाहीतर शेजाऱ्याची वायर.

मग एकेक उपकरण चालू करून परत मोजा. यात खर्च शून्य. फ्रिजसारखी थांबून थांबून चालणारी वस्तू मात्र अशी मोजता येत नाही. तिच्यासाठी सॉकेटमध्ये लावायचा प्लग-मीटर आणा आणि पूर्ण २४ तास लावून ठेवा. सोसायटीत एक आणून फिरता ठेवला तरी चालतो.

नुसत्या सेटटॉप बॉक्सचं उदाहरण घ्या. टीव्ही बंद असतानाही काही बॉक्स १० वॉटच्या आसपास घेत राहतात. २४ तास, ३० दिवस, म्हणजे महिन्याला ७ युनिट. भिंतीवरचा स्विच बंद केला की ते वाचतात.

९. पहिले पाच-दहा हजार कशावर घालू?

आधी एलईडी. उजाला योजनेमुळे २०१५ पासून ते बऱ्याच घरी पोचले आहेत. पण जिन्यात, देवघरात, बाथरूममध्ये जुना पिवळा दिवा किंवा चोकवाली ट्यूब अजून सापडते.

मग पंखे, आणि इथे थोडं थांबून सांगतो. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, बिनब्रशच्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट, म्हणजे ११७ किलो कार्बन वाचतो. आपल्याकडे पंखा सगळ्यात जास्त तास चालतो, म्हणून एसी नसलेल्या घरात याच्याइतका परतावा दुसऱ्या कशात नाही. सगळे एकदम बदलू नका. हॉलचा आणि झोपायच्या खोलीचा आधी, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

बसवताना इलेक्ट्रिशियनला एक सांगा: भिंतीवरचा जुना रेग्युलेटर बायपास कर. बीएलडीसी पंख्याचा वेग त्याच्या रिमोटने बदलतो. रेग्युलेटरमधून वीज दिली की पंखा गुरगुरतो किंवा मधूनच बंद पडतो, आणि लोक म्हणतात "नवीन पंखे टिकत नाहीत".

१०. गिझरचं काय? सोलर घ्यावा, गॅसचा घ्यावा की आहे तो ठेवावा?

२० लिटरची बादली २० अंशांवरून ४० वर न्यायला जवळपास अर्धं युनिट लागतं. चौघांच्या चार बादल्या म्हणजे रोजची दोन युनिट. पुणे-नाशिककडे वर्षातले आठ महिने गरम पाणी लागतं असं धरलं तर ४८० युनिट, साडेतीनशे किलो कार्बन. मुंबई-कोकणात टाकीतलं पाणीच कोमट असतं, तिथे हा आकडा बराच खाली येतो. शॉवर असेल तर वर जातो. पाच मिनिटांत दोन बादल्या कधी संपल्या ते कळत नाही.

सोलर वॉटर हीटर हा कार्बनच्या दृष्टीने सरळ उत्तम पर्याय, पण तीन गोष्टी बघा. टाकीपासून बाथरूमपर्यंतचा पाइप लांब असेल तर आधी दहा-पंधरा लिटर गार पाणी येतं, म्हणून त्या पाइपावर आवरण हवंच. बोअरचं कडक पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतो, त्यासाठी हीट एक्स्चेंजरवाला संच घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये विजेची जोड लागणार, पण ती वर्षभर चालू ठेवू नका. कितीतरी घरांत सोलरच्या टाकीतली कॉइल बाराही महिने चालू असते आणि कुणाला पत्ताही नसतो. पुणे महापालिका सौर यंत्रणा चालू असलेल्या घरांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. ती घेत नसाल तर चौकशी करा.

गॅस गिझरचा कार्बन विजेच्या गिझरपेक्षा कमी पडतो (का, ते प्रश्न १६ मध्ये). तरी तो बंद बाथरूमच्या आत कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडने त्यात माणसं दगावली आहेत. बाहेर, मोकळ्या हवेत जागा असेल तरच.

११. फ्रिज जुना आहे पण मस्त चालतोय. बदलू का?

मोजल्याशिवाय बदलू नका. प्लग-मीटरवर दिवसाला दीड युनिट येत असेल आणि नव्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाला २२० युनिट असतील, तर वर्षाला सव्वातीनशे युनिट वाचतात. बदलणं योग्य. फरक दिवसाला पाव युनिटचाच असेल तर थांबा, नवा फ्रिज बनवण्यातही कार्बन जातो. आधी दाराचं रबर बघा. दारात नोट धरून दार लावा. नोट सहज निघाली तर रबर गेलंय, आणि ते बदलणं फ्रिजपेक्षा कितीतरी स्वस्त.

खरी गोम पुढे आहे. नवा आणला आणि जुना "असू दे, आंब्याच्या दिवसांत लागतो" म्हणून गॅलरीत चालू ठेवला, तर कार्बन वाढला. जुना नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडेच द्या. त्यातल्या वायूचा प्रश्न १३ व्यात आहे.

१२. एसी तीन स्टारचा की पाच? आणि किती अंशांवर ठेवायचा?

लेबलवर वर्षाचे जे युनिट लिहिलेले असतात ते १,६०० तास चालवण्यासाठीचे असतात. तुम्ही एप्रिल-मेमध्ये रात्री सहा तास लावत असाल तर तुमचे तास चारशेच्याही आत. तेव्हा तीन आणि पाच स्टारमधला फरक लेबलवर दिसतो त्याच्या पाव हिश्श्याइतका. दुकानदार हे सांगत नाही. दुकान किंवा कामाची खोली असेल, रोज आठ-दहा तास चालणार असेल, तर पाचच घ्या.

स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होतात. पाच वर्षांपूर्वीचा पाच आणि आजचा पाच एक नाहीत. म्हणून स्टारपेक्षा लेबलवरचा आयएसईईआर आकडा बघा, म्हणजे तेवढ्याच विजेत किती गारवा मिळतो त्याचं माप. जास्त तेवढा चांगला.

२०२० पासून नवे एसी चालू होताना २४ वर येतात. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. २६ ला पंख्यासोबत झोपून बघा. १८ वर लावून वर गोधडी घेणाऱ्यांना काय सांगणार!

१३. एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतो. त्याचाही हिशोब करायचा?

करायचाच, आणि जवळजवळ कुणीच करत नाही. एसीतला गॅस हवेत सुटला की तो कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट तापमान वाढवतो. जुन्या आर-२२ चा गुणक सुमारे १,८००, आर-४१०ए चा २,०८८, आर-३२ चा ६७५, आणि आर-२९० चा अगदीच नगण्य. आर-४१०ए चा ७०० ग्रॅम गॅस गळाला तर ते जवळपास दीड टन झालं, म्हणजे दोन हजार युनिट विजेइतकं. प्रश्न ४ मधल्या घराची दहा महिन्यांची वीज एका गळक्या जोडात गेली.

एसी सीलबंद असतो, "दरवर्षी टॉपअप" असं काही नसतं. गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे. मेकॅनिकला सांगा, आधी गळती शोध, जोडाला साबणाचा फेस लावून दाखव, मग भर. एसी काढून दुसरीकडे नेताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेता येतो, त्याला पंप डाउन म्हणतात. "सोडून देतो साहेब, नवीन भरू" हे ऐकून घेऊ नका. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

१४. आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे, भट्टी होते. इंटरनेटवर भिंतीचं इन्सुलेशन आणि दुहेरी काचा सांगतात. करू का?

ते सल्ले बहुतेक थंडीच्या देशांतले. आपल्याकडची उष्णता मुख्यतः दोन वाटांनी येते: गच्चीतून आणि पश्चिमेच्या खिडक्या-भिंतींतून. दुहेरी काचेवर लाख रुपये घालण्याआधी गच्ची पांढरी करा. चुन्याचा हात सगळ्यात स्वस्त, पण पावसात धुऊन जातो आणि दर उन्हाळ्याच्या आधी परत द्यावा लागतो. उन्हं परतवणारा कूल रूफ रंग काही वर्षं टिकतो. वॉटरप्रूफिंग करणारच असाल तर पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक करून घ्या, दोन्ही कामं होतात. दुपारी त्या गच्चीवर अनवाणी उभं राहिलात की फरक पायाला कळतो.

पश्चिमेला सावली बाहेरून हवी. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर काच तापून गेलेली असते. छज्जा, बांबूची चिक, शेडनेट, वेल, काहीही चालेल. नवं घर बांधत असाल तर आर्किटेक्टला 'इको-निवास संहिता २०१८' प्रमाणे छताचा यू-व्हॅल्यू (छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप) १.२ च्या आत आहे का, एवढं विचारा.

१५. नागपूरला कूलर चालतो, ठाण्याला का नाही?

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात ते जोरात होतं, किनाऱ्याच्या दमट हवेत होत नाही. म्हणून विदर्भ-खानदेशात एसीच्या आधी कूलरच. दीडशे-दोनशे वॉटमध्ये काम होतं, एसीला त्याच्या सहा-सात पट लागतात. वाळ्याच्या ताट्या अजून मिळतात तिथे त्या घ्या. एक खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. आणि कूलरच्या टाकीत दर आठवड्याला पाणी बदला, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

१६. इंडक्शन घेतलं की गॅसचा कार्बन शून्य. बरोबर ना?

गॅसचा शून्य, घरचा नाही. एका सिलेंडरमध्ये १८० युनिटइतकी उष्णता असते, पैकी साठ टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर केला तर साधारण १३० युनिट वीज लागेल. ती ग्रिडची असेल तर ९४ किलो कार्बन, सिलेंडरचा ४२. म्हणजे आजच्या कोळशाच्या ग्रिडवर इंडक्शनचा आकडा दुपटीहून जास्त येतो. गिझरचंही तसंच.

हे ऐकून काही जण नाराज होतात. पण इंडक्शनचे दुसरे फायदे खरे आहेत: स्वयंपाकघर तापत नाही, धूर नाही, गळतीची भीती नाही. छतावर सोलर असेल आणि दुपारचा स्वयंपाक त्या विजेवर होत असेल तर कार्बनही कमी. ग्रिडमध्ये सौर-पवन वाढत जाईल तसं गणित पालटेल. तोवर कुकरची शिट्टी झाली की आच मंद करणं आणि डाळ-तांदूळ भिजवून शिजवणं, यात कुठलाही वाद नाही.

१७. सोलर पॅनल आधी बसवू की हे सगळं करून मग?

हे सगळं करून मग. २०० युनिटचं घर १३० वर आणलं तर दोन किलोवॉटऐवजी सव्वा किलोवॉट पुरतं. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि महाराष्ट्रात दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं. अनुदान जास्त मिळतंय म्हणून गरजेपेक्षा मोठा संच लावू नका.

१८. आमचं नेट मीटर आहे, बिल जवळपास शून्य येतं. मग कार्बन शून्य लिहू?

बिल शून्य म्हणजे आयात (ग्रिडमधून घेतलेली वीज) आणि निर्यात (तुमच्या सोलरने ग्रिडला दिलेली) यांची वजाबाकी शून्य. रात्री तुम्ही ग्रिडमधून घेतलेली वीज बहुतेक कोळशाचीच होती. बिलावर आयात आणि निर्यात युनिट वेगळे छापतात. सांभाळून करायची पद्धत अशी: आयात युनिटं गुणिले ०.७२ हा तुमचा आकडा. निर्यात वेगळ्या रकान्यात 'ग्रिडला दिलेली' म्हणून लिहा, वजा करू नका. वजा करणारेही हिशोब आहेत, आणि तेही चूक म्हणता येणार नाहीत. एकदा ठरवलं की दरवर्षी तीच पद्धत ठेवा, एवढंच.

आकडा खरोखर खाली आणायचा तर वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री दुपारी अकरा ते तीनमध्ये करा.

१९. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा कार्बन कोणाच्या नावावर?

सोसायटीच्या सामायिक मीटरचे वर्षाचे युनिट भागिले सदनिका, आणि तो आकडा वेगळ्या ओळीत लिहा. कमिटीपुढे मांडायला तोच उपयोगी पडतो. जिन्यात हालचालीवर लागणारे दिवे, गच्चीच्या टाकीला फ्लोट स्विच आणि गळके नळ दुरुस्त करणं, या तिन्ही गोष्टी सभेत फार भांडण न होता मंजूर होतात. टाकी भरून वाहते तेव्हा पाणी आणि पंपाची वीज दोन्ही गटारात जातात. सामायिक सुविधांच्या सोलरला सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे १८,००० रुपये आहेत. गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आधी, कोटेशन नंतर.

२०. आम्ही भाड्याने राहतो. काय करणार?

उचलून नेता येईल ते घ्या: पंखे, दिवे, चिक, प्लग-मीटर. मालकाचे जुने पंखे माळ्यावर ठेवा आणि जाताना परत लावा. मालकाशी बोलायचं असेल तर करारनामा नवा करतानाच बोला. मालकाचा वीस वर्षांचा एसी असेल तर नव्याचा खर्च अर्धा-अर्धा, असं ठरवणारी माणसं आहेत.

२१. सासू-सासरे सहा महिने आमच्याकडे, सहा महिने गावी असतात. माणशी आकडा कसा काढू?

'माणूस-महिने' मोजा. चौघे बारा महिने म्हणजे ४८, दोघे सहा महिने म्हणजे १२, एकूण ६०. वर्षाचा कार्बन भागिले ६०, गुणिले १२. घरून काम करणाऱ्यांनी यात काही वजा करू नये, तो पंखा घरच्याच मीटरवर चालला. गणपतीत पंधरा पाहुणे आले तर शेरा लिहा आणि सोडून द्या.

२२. सगळे उपाय केले, तरी यंदा युनिट वाढले. असं कसं?

आधी एप्रिलची तुलना एप्रिलशीच केली ना, ते बघा. उन्हाळा जास्त कडक असेल तर वाढ होणारच. अशा वेळी डिसेंबर-जानेवारीचे युनिट ताडून बघा, त्यात पंखा-एसी नसतो, घराचा पाया दिसतो. तो खाली आला असेल तर उपाय लागू पडले. दुसरं कारण म्हणजे घरी चार्ज होणारी ई-स्कूटर. १०० किलोमीटरला तीन-साडेतीन युनिट धरा, सुमारे अडीच किलो कार्बन. पेट्रोलची स्कूटर त्याच अंतराला पाच किलो काढते. म्हणजे वीज वाढली, एकूण कार्बन घटला. चार्जिंगचे युनिट वाहनाच्या रकान्यात टाका.

इन्व्हर्टर असेल तर बॅटरीही तपासा. म्हातारी बॅटरी भरत नाही, नुसती तापते, आणि चार्जर दिवसरात्र चालतो. हात लावून बघा.

२३. मुलगा इंग्लंडमध्ये असतो. हे गुणक त्याला चालतील?

गॅसचा चालेल, विजेचा नाही. तिथल्या ग्रिडचा आकडा युनिटमागे ०.२ किलोच्या आसपास आहे, आपल्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे इथलं इंडक्शनचं उत्तर तिथे उलटं होतं: गॅस बॉयलर काढून हीट पंप (विजेवर घर गरम ठेवणारं यंत्र) लावला की कार्बन घटतो. आणि प्रश्न १४ मध्ये जे टाळायला सांगितलं ते इन्सुलेशन आणि दुहेरी काचा तिथे सगळ्यात आधी करायच्या गोष्टी आहेत. घर भाड्याने किंवा विकत घेताना तिथे ए ते जी असा ऊर्जा दाखला मिळतो, तो त्याने बघावा. पुण्यातला त्याचा बंद फ्लॅट मात्र आपल्याच गुणकाने मोजायचा. तिथे रिकामा फ्रिज चालू ठेवलेला नाही ना, ते किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना आजच विचारा.